रोंदा एका दिवसात पाहायचं असेल तर पूल शेवटी ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरमध्ये दक्षिण स्पेनमधल्या मलागाला मुक्काम, बरोबर सत्तरीचे आई-बाबा, आणि जवळच्या रोंदा या डोंगरी गावासाठी एक दिवस राखून ठेवलाय. ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं, "पूल बघा, फोटो काढा, दोन तासांत मोकळे व्हाल, उरलेल्या वेळात शेजारचं सेतेनिल गाव करा." तुम्हाला मात्र गावाचा इतिहास समजून घेत फिरायचंय, आणि सुरुवात कुठून करावी ते ठरत नाहीये.

दोन तासांत रोंदा उरकणाऱ्यांचा तसा दोष नाही. बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन दोन्ही गावाच्या उत्तरेला, नव्या वस्तीत आहेत. तिथून माणूस सरळ चालत येतो तो थेट पुलावर. हा पूल, म्हणजे दरीवरचा 'नवा पूल', पूर्ण झाला १७९३ मध्ये. म्हणजे हजारभर वर्षांच्या गावातली जवळजवळ सगळ्यात नवी मोठी वास्तू सगळ्यात आधी समोर येते, आणि ती इतकी भव्य आहे की आता पुढे पाहण्यासारखं काही उरलं नाही असंच वाटतं. पूल कशासाठी बांधावा लागला, तो नसताना लोक काय करत होते, हे कळायच्या आतच परतीची बस येते. म्हणून माझा सल्ला एकच: गावाच्या दक्षिण टोकाला, अल्मोकाबार दरवाजापाशी उतरा आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे चाला. मग वास्तू साधारण ज्या क्रमाने उभ्या राहिल्या त्याच क्रमाने समोर येत जातात. आई-बाबांच्या गुडघ्यांनाही हेच सोयीचं आहे, ते कसं ते पुढे येईलच.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. शक्यतो मंगळवार ते शुक्रवार यांतला दिवस घ्या. नगरपालिकेच्या ताब्यातली ठिकाणं, म्हणजे हमामखाना (मुस्लिम काळातलं सार्वजनिक स्नानगृह) आणि मोंद्रागोनचा वाडा, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी लवकर बंद होतात. १२ ऑक्टोबर ही स्पेनची राष्ट्रीय सुट्टी, तो दिवस टाळा. निघण्याच्या आदल्या दिवशी वेळा पुन्हा एकदा तपासा, कारण त्या ऋतूनुसार बदलतात. बसने येणार असाल तर मलागाहून दोन ते पावणेतीन तास धरा. बस कोणत्या वाटेने जाते त्यावर ते अवलंबून आहे. थेट रेल्वेगाड्या मोजक्याच आहेत आणि त्यांच्या वेळा एका दिवसाच्या फेरीला क्वचितच जुळतात. बसस्थानकावर उतरलात की चालत पुलाकडे निघू नका. टॅक्सी करा आणि 'पुएर्ता दे अल्मोकाबार' एवढंच सांगा. अंतर जेमतेम दोन किलोमीटर आहे. स्वतःची गाडी असेल तर तिथल्याच सान फ्रान्सिस्को वस्तीत लावा. जुन्या गावात गाडी घालू नका, गल्ल्या अरुंद आहेत आणि लावायला जागा मिळत नाही.

चालायला लागण्याआधी जमिनीचा आकार डोळ्यांपुढे आणा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून उंच एक पठार. त्याला मधोमध चिरत गेलेली दरी, नाव 'एल ताखो', खोली शंभर मीटरच्या आसपास. तळाशी वाहते ती ग्वादालेविन. हे नाव अरबी 'वादी अल-लबन' वरून आलं असं मानतात, म्हणजे दुधाची नदी. दरीच्या दक्षिणेला जुनं गाव, ज्याला आजही नुसतं 'ला स्युदाद', शहर, म्हणतात. उत्तरेला नवी वस्ती, 'मेर्कादियो'. जुन्या गावाला पश्चिमेकडे सरळ कडा, उत्तरेला दरी, आणि पूर्वेला नदीकडे उतरत जाणारा तीव्र उतार. सपाटीवरून चालत येता येईल अशी बाजू एकच, दक्षिणेची. म्हणून सगळ्यात भक्कम तट, बुरूज आणि मुख्य दरवाजा तिकडेच.

कडे ज्या खडकाचे आहेत तोही जवळून बघा. नदी-समुद्राच्या तळाशी साचलेल्या वाळू-गोट्यांचा तो थर आहे. कुठेही निरखून पाहिलंत तर खडकात रुतलेले गोल गुळगुळीत गोटे दिसतील. पाण्याला हा खडक कापता आला, माणसालाही कोरता आला. पुढे दिसणारं भुयार आणि पूल, दोन्ही त्याच्या जिवावर आहेत.

रोमन काळाबद्दल फार वेळ घालवू नका. तेव्हा इथे अरुंदा नावाची वस्ती होती, पण त्या काळातलं मोठं गाव वायव्येला वीसेक किलोमीटरवर होतं, आसिनिपो. तिथल्या रोमन नाट्यगृहाचा प्रेक्षकांचा उतार काही भागात थेट डोंगरात कोरलेला आहे आणि रंगमंचामागची दगडी भिंत अजून उभी आहे. गाडी असेल आणि दुसरा दिवस असेल तरच तिकडे जा. आज पायांखाली येणारं रोंदा मुख्यतः मुस्लिम राजवटीत घडलेलं आहे. ८व्या शतकापासून १४८५ पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेआठशे वर्षं. ११व्या शतकात काही दशकं ते एका बर्बर, म्हणजे मूळच्या उत्तर आफ्रिकी, घराण्याचं स्वतंत्र छोटं राज्यही होतं, १०६५ मध्ये सेव्हियाच्या राज्याने ते गिळलं. उडण्याचे प्रयोग करणारा ९व्या शतकातला अब्बास इब्न फिरनास मूळचा इथलाच. १३व्या शतकात आंदालुसियातली, म्हणजे या दक्षिण स्पेनमधली, एकेक शहरं ख्रिस्ती राजांच्या हाती पडत गेली, तेव्हा त्यांच्यावर अरबीत विलाप लिहिणारा कवी अबू अल-बका याच्या नावापुढे अर-रुंदी लागतं, म्हणजे रोंदाचा.

आता दरवाजा. अल्मोकाबार हा शब्द 'अल-मकाबिर', म्हणजे कबरस्तान, यावरून आला. तटाबाहेर, दरवाजासमोर दफनभूमी होती. दरवाजा १३व्या शतकातला, दोन्ही बाजूंना अर्धगोल बुरूज, कमानी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या. त्याला अगदी खेटून दुसरा दरवाजा आहे, तो १६व्या शतकातला, पाचव्या कार्लोसच्या नावाचा. दोन्ही एका नजरेत बघा: पहिला फक्त अडवण्यासाठी बांधलेला, दुसरा राजाची शान दाखवण्यासाठी. मधल्या काळात गाव पडलं होतं आणि अडवण्याची निकड संपली होती.

ते पडलं कसं, हे इथेच उभं राहून समजून घ्या. मे १४८५. स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रानादाचं, त्याचा हा पश्चिमेकडचा मोठा आधार. आदल्या वर्षी सेतेनिल पडलं होतं. ख्रिस्ती राजा फर्नांडोने आपला रोख मलागाकडे असल्याचं भासवलं. रोंदाची बरीच शिबंदी तेव्हा बाहेर, ख्रिस्ती मुलखावर छाप्याला गेलेली होती. तेवढ्यात सैन्य रोंदाभोवती येऊन बसलं आणि तोफा लागल्या. तीन बाजूंच्या कड्यांना तोफा काय करणार, म्हणून भार दक्षिणेच्या तटावर पडला. दुसरीकडे फर्नांडोच्या बाजूचा सरदार, कादिसचा मार्केस, याच्या माणसांनी गावाची पाण्याची वाट तोडली. जेमतेम दोन आठवड्यांत, २२ मे रोजी गाव शरण आलं. ज्या गावाला चढून जिंकणं अशक्य मानलं जायचं ते तोफ आणि तहान यांच्यामुळे पडलं. पाण्याची ती वाट पुढे प्रत्यक्ष दिसणार आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा.

दरवाजातून आत शिरल्यावर लगेच एस्पिरितु सांतोचं चर्च लागतं. विजयानंतर बांधायला घेतलेलं, १५०५ मध्ये पूर्ण झालेलं. बाहेरून ते चर्चपेक्षा गढीसारखं दिसतं, खिडक्या थोड्या, भिंती जाड. शत्रू गेला याची खात्री अजून पटली नव्हती, हे त्या भिंतींवरून कळतं. आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती, १५०१ मध्ये जवळच्या सिएर्रा बेर्मेखात मुस्लिम प्रजेचं मोठं बंड झालं. शेजारच्या उंचवट्यावर बालेकिल्ला होता. तो शोधत बसू नका: नेपोलियनच्या फौजांनी १८१२ मध्ये माघार घेताना सुरुंग लावून तो उडवला आणि आज त्या जागी शाळा आहे.

दरवाजापासून मुख्य चौकापर्यंत थोडा चढ आहे, पण रस्ता नीट आहे. चौकात सांता मारिया ला मायोर. ही जागा मुख्य मशिदीची होती. प्रवेशाजवळच मशिदीच्या मिहराबची, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, कमान शिल्लक आहे, तिच्यावरचं नक्षीकाम जवळ जाऊन बघा. कित्येक शतकं ती वेदीमागे झाकलेली राहिली, म्हणून वाचली. चर्चचं काम विजयानंतर गॉथिक पद्धतीने सुरू झालं. १५८०च्या भूकंपात बरंच पडलं. पुन्हा बांधेपर्यंत जमाना बदलला होता, म्हणून आत निम्मं चर्च एका धाटणीचं आणि निम्मं दुसऱ्या. मधोमध उभं राहून आधी डावीकडे, मग उजवीकडे छताकडे पाहिलंत की हा सांधा स्पष्ट दिसतो. बाहेर पडल्यावर दर्शनी भिंतीकडे पाहा: तिथे देवळाला न शोभणारे दोन मजली सज्जे आहेत. चौकात घोडेस्वारांचे खेळ आणि बैलांचे सामने होत, तेव्हा गावातले मानकरी त्या सज्जांत बसत. बैलांच्या झुंजीचं वेगळं रिंगण बांधलं जाण्याआधी हा खेळ या चौकातच चालायचा.

इथून पाच मिनिटांवर मोंद्रागोनचा वाडा, आता नगर संग्रहालय. वेळ कमी असेल तर दालनं भरभर करा, पण चौक आणि कड्याच्या टोकावरची छोटी बाग सोडू नका. वाटेत सान सेबास्तियानचा मिनार लागतो. १४व्या शतकातल्या छोट्या मशिदीचा हा मिनार, खाली दगड, वर वीट. मशिदीचं चर्च झालं, तसा मिनाराचा घंटामनोरा झाला. पुढे ते चर्चही गेलं आणि मिनार तेवढा राहिला. दोन मिनिटं पुरतात.

आता पाण्याकडे वळू. मुख्य रस्त्याने पुलाच्या दिशेने निघालात की पूल येण्याआधी उजवीकडे सांतो दोमिंगोची उतरती गल्ली लागते. मोह आवरा, पुलावर जाऊ नका, उजवीकडे वळा. थोडं उतरल्यावर 'कासा देल रेय मोरो', म्हणजे मूर राजाचं घर (मूर म्हणजे स्पेनमधले मुस्लिम). नावावर जाऊ नका. घर १८व्या शतकातलं आहे, त्यात कोणताही मूर राजा राहिलेला नाही. बाग १९१२ मध्ये फ्रेंच उद्यानकार फोरेस्तिए याने आखली, उतारावर एकाखाली एक टप्पे करून. खरा खजिना बागेच्या खाली आहे, 'ला मिना'.

दरीच्या कड्यात वरपासून खालपर्यंत एक नैसर्गिक कपार होती. १४व्या शतकात ती खोदून, आतून बांधून तिच्यात जिना केला, तो थेट नदीच्या पाण्यापर्यंत. पायऱ्या दोनशेच्या आसपास, उतार सुमारे साठ मीटर. बाहेरून, दरीतून पाहणाऱ्याला नुसती एक भिंत आणि चार फटी दिसाव्यात अशी रचना. मध्ये दालनं आहेत: काही पहाऱ्याची, एक पाणी वर खेचण्याच्या रहाटाचं. बाकी पाणी माणसांच्या पाठीवरून यायचं, कातडी पखालींतून, आणि ते वाहायला युद्धात पकडलेले ख्रिस्ती कैदी जुंपलेले असत. त्या काळी त्या मुलखात एक शापच होता: 'रोंदात पखाली वाहत मरशील.' वर वेढा पडला की गावाचा जीव या जिन्यावर असायचा. १४८५ मध्ये हीच वाट तोडली गेली.

इथे व्यवहाराचं बोलतो. पायऱ्या ओल्या असतात, एकसारख्या उंचीच्या नाहीत, उजेड कमी आहे, काही ठिकाणी डोकं वाकवावं लागतं. उतरायला दहा-पंधरा मिनिटं, चढायला त्याच्या दुप्पट. गुडघे दुखत असतील त्यांनी, किंवा बंद जागेत गुदमरायला होतं त्यांनी उतरू नये. मधूनच परत फिरलं तरी चढ चढावाच लागतो. आई-बाबांना वर बागेत बसवा, तुम्ही खाली जाऊन या, पाऊण तास पुरतो. तळव्याला पकड असलेले बूट हवेत. गुळगुळीत तळव्याच्या चपला इथे हमखास घसरतात. तळाशी पोचलात की बाहेर पाण्याच्या काठाला एक छोटा ओटा आहे. तिथे थांबा आणि मान वर करा. दोन्ही बाजूंना कडे, वर आकाशाची पट्टी. गाव किती उंचावर आहे आणि एक पखाल वर न्यायची म्हणजे काय, ते एका क्षणात समजतं.

तीच गल्ली पुढे उतरते. घाई न करता साल्वातिएर्राच्या वाड्याची दर्शनी भिंत पाहा. वाडा खासगी आहे, आत जाता येत नाही, आणि तशी गरजही नाही. सज्जाच्या वरच्या बाजूला चार उघड्या मूर्ती आहेत, दोन पुरुष, दोन स्त्रिया. चेहरे युरोपी नाहीत, दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे आहेत. पुरुष जीभ बाहेर काढून दाखवताहेत, स्त्रिया हातांनी लाज झाकताहेत. अमेरिकेतून आलेली संपत्ती या डोंगरी गावापर्यंत कशी झिरपली होती, याचा हा दगडी पुरावा.

त्याच्याखाली कमान, राजा फेलिपे पाचव्याच्या नावाची, १७४२ची. हे साल ध्यानात असू द्या. कमानीपलीकडे जुना पूल, 'पुएन्ते व्हिएखो', १६१६चा: एकच कमान, पाण्यापासून एकतीस मीटर उंच. त्याच्याही खाली आणखी एक छोटा पूल आहे, त्याला रोमन म्हणायची प्रथा पडली आहे, पण तो मुस्लिम काळातला आहे. दरी पूर्वेकडे उथळ होत जाते, म्हणून जुने दोन्ही पूल या टोकाला. ओलांडणं सोपं, पण त्यासाठी आधी खाली उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं.

जुन्या पुलापासून खाली, ओढा आणि नदी जिथे मिळतात तिथे हमामखाना आहे. स्पेनमधल्या सगळ्यात चांगल्या टिकलेल्या हमामखान्यांपैकी एक, १३व्या-१४व्या शतकातला. मला विचाराल तर रोंदातलं एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी हे निवडेन. पुलाआधीसुद्धा. कारण इथे एक यंत्रणा आजही पूर्ण वाचता येते. ओढ्याकाठी रहाटाचा मनोरा: गाढव फिरायचं, पाणी वर चढायचं. वरून भिंतीच्या माथ्यावरच्या पन्हाळीतून ते इमारतीच्या दुसऱ्या टोकाच्या हंड्याकडे जायचं. हंड्याखाली लाकडांची भट्टी. भट्टीची धग फरशीखालच्या पोकळीतून गरम खोलीत पसरायची. त्या फरशीवर पाणी पडलं की वाफ. खोल्या तीन, थंड, कोमट आणि गरम, या क्रमाने. मधली सगळ्यात मोठी, कारण लोक वेळ तिथे काढायचे: मालीश, गप्पा, व्यवहार. छताच्या गोल गाळ्यांमध्ये ताऱ्याच्या आकाराची भोकं आहेत. उन्हाचे कवडसे त्यांतून फरशीवर पडतात आणि दिवसभर सरकत राहतात. ऊन वर असताना, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, ते सगळ्यात छान दिसतात.

हमामखाना तटाबाहेर का, असं वाटेल. एक तर पाणी इथे आहे. दुसरं, बाहेरगावचा माणूस याच वाटेने वर जायचा, तो आधी अंग धुऊन स्वच्छ होऊन मग गावात शिरायचा. १४८५ नंतर हमामांची गरजच उरली नाही, आसपास चामडं कमावणारे आले, आणि गाळामातीखाली गेलेल्या भिंती त्यामुळेच टिकल्या.

इथपर्यंतचा क्रम एकदा जुळवून घ्या: अल्मोकाबार दरवाजा, एस्पिरितु सांतो, सांता मारिया, मोंद्रागोन, मूर राजाच्या घराची बाग आणि ला मिना, साल्वातिएर्राची भिंत, जुना पूल, हमामखाना. साडेदहाला सुरू केलंत तर दीड-दोनपर्यंत इथे पोचता. आतापर्यंतची वाट बहुतेक सगळी उताराची आहे. उलट्या दिशेने आलात तर हीच चढाची होते. म्हणून म्हटलं, गुडघ्यांनाही हाच क्रम बरा. आता वर जायचं आहे. आई-बाबांसाठी इथे टॅक्सी बोलवा. हमामखान्याजवळपर्यंत गाडी येते. त्यांना 'प्लासा दे एस्पान्या' सांगा, तो नव्या पुलाच्या उत्तर टोकाचा चौक. तुम्ही मात्र जुना पूल ओलांडून क्वेन्का बागेतून चढा. ही बाग दरीच्या उत्तर काठाने टप्प्याटप्प्याने वर जाते आणि प्रत्येक वळणावर नवा पूल थोडा थोडा मोठा होत जातो.

आणि आता, खालून चढून घामाघूम झाल्यावर, नवा पूल का हवा होता हे कोणी सांगायला नको. १४८५ नंतर उत्तरेच्या सपाटीवर वस्ती वाढली. गावात माल आणायचा तर वेशीवर कर. व्यापाऱ्यांनी दरीपलीकडेच बाजार मांडला, मेर्कादियो या नावाचा अर्थच छोटा बाजार. १८व्या शतकापर्यंत बाजार एकीकडे आणि सत्ता दुसरीकडे, मध्ये शंभर मीटरची दरी. समोरासमोर दिसणाऱ्या दोन घरांमध्ये ये-जा करायची तर खाली जुन्या पुलापर्यंत उतरून पुन्हा चढायचं, तेही लादलेल्या जनावरांसकट.

पहिला प्रयत्न १७३५ मध्ये झाला. सुमारे पस्तीस मीटर रुंदीची एकच मोठी कमान, वरच्या वर एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर टाकलेली. आठ महिन्यांत काम संपलं. सहा वर्षांनी, १७४१ मध्ये पूल कोसळला आणि सुमारे पन्नास माणसं गेली. एवढ्या रुंद कमानीचा सगळा रेटा बाजूच्या टेकूंवर येतो, आणि घाईच्या बांधकामात ते टेकूच कच्चे राहिले होते. आता १७४२ आठवा: १७३५चा पूल पडल्यावर सगळी वर्दळ पुन्हा जुन्या पुलावर आली, म्हणून तिथली वेस पाडून फेलिपे पाचव्याची मोठी कमान बांधावी लागली. ज्यांनी ती खाली पाहिली आहे त्यांनाच हा धागा जुळतो.

दुसऱ्या वेळी १७५१ मध्ये काम सुरू झालं ते अगदी उलट विचाराने. कड्यावरून कड्यावर उडी नको, दरीच्या तळापासून भिंतीसारखं चढवत आणायचं. तळाशी नदीपुरती लहान कमान, तिच्यावर उंच अरुंद मधली कमान, दोन्ही बाजूंना कड्याला टेकलेल्या आणखी दोन. भार सरळ खाली उतरतो, बाजूला रेटा कमी. वेळ मात्र लागला, बेचाळीस वर्षं. उंची ९८ मीटर. दगड दरीतलाच, म्हणून आजही लांबून पाहिलं की कडा कुठे संपतो आणि पूल कुठे सुरू होतो ते चटकन कळत नाही. शेवटच्या टप्प्यात काम तडीस नेणारा वास्तुकार होसे मार्तिन दे आल्देउएला. तो पुलावरून पडून मेला अशी कथा वाटाडे हौसेने सांगतात. ती खोटी आहे, तो १८०२ मध्ये मलागात वारला. मधल्या कमानीच्या वर खिडकी दिसते, ती खोलीची आहे. तिथे काही काळ तुरुंग होता, आता छोटं प्रदर्शन आहे. उत्तरेच्या बाजूने जिना उतरून जाता येतं.

पूल बघायची जागा आणि वेळ जुळवा. पूर्वेचं तोंड, क्वेन्का बागेकडचं, सकाळी उजळतं. पश्चिमेचं, जे पोस्टकार्डांवर असतं, ते दुपारनंतर. पश्चिमेचा पूर्ण देखावा हवा असेल तर जुन्या गावातल्या मारिया आउक्सिलियादोरा चौकातून जी पायवाट दरीत उतरते ती धरा. पहिली पंधरा मिनिटं उतरलात तरी पूर्ण पूल दिसतो, तळापर्यंत जायची गरज नाही. वाट खडीची आहे, पावसानंतर टाळा. आई-बाबांना तेवढ्यासाठी खाली नेऊ नका. पुलाच्या उत्तरेला जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत आता पाराडोर, म्हणजे सरकारी मालकीचं हॉटेल आहे, त्याच्या मागून कड्याच्या काठाने सपाट फरसबंदी वाट जाते. तिथून पश्चिमेचं तोंड छान दिसतं, आणि बसायला बाकं आहेत.

तीच वाट बैलांच्या झुंजीच्या रिंगणाकडे नेते. बैलांचा खेळ पटत नसेल तरी वास्तू म्हणून आत जरूर जा. खेळ वर्षातले मोजके दिवस असतो, मुख्यतः सप्टेंबरच्या सुरुवातीच्या जत्रेत. एरवी रिंगण रिकामं असतं. ते १७८५ मध्ये सुरू झालं, आदल्या वर्षी पहिल्याच खेळाला बैठकीचा काही भाग कोसळल्यामुळे काम पुन्हा करावं लागलं होतं. मैदानाचा व्यास ६६ मीटर, भोवती दोन मजली दगडी ओसरी, १३६ खांब. खांब साधे आणि सडपातळ आहेत, म्हणून एवढी मोठी इमारतही जड वाटत नाही. हे कामही आल्देउएलाच्याच नावावर सांगितलं जातं. मालकी घोडेस्वार सरदारांच्या 'रेआल माएस्त्रान्सा' या १५७३ च्या संस्थेची. किनाऱ्यावरचे छापे आणि बंडं यांसाठी घोडदळ तयार ठेवायचं, हा तिचा मूळ हेतू. म्हणून आत घोडेस्वारीची शाळाही आहे. घोड्यावरच्या सरदारी खेळाचा पायउतार होऊन सामान्य माणसाचा खेळ झाला तो इथे, रोमेरो घराण्यात. त्याच घराण्यातल्या पेद्रो रोमेरो (१७५४–१८३९) याने साडेपाच हजारांवर बैल मारले आणि त्याला एकदाही शिंग लागलं नाही, असं सांगतात.

बाकी गोष्टी ओझरत्या. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज भांडवलाने अल्हेसिरासहून रेल्वे आली आणि जिब्राल्टरचे इंग्रज हवा खायला येऊ लागले. १९०६चं रेइना व्हिक्तोरिया हॉटेल त्यांच्यासाठीच. जर्मन कवी रिल्के १९१२-१३च्या हिवाळ्यात तिथे राहिला. सोकोर्रो चौकात थांबलात तर हे माहीत असू द्या की आंदालुसियाचा आजचा हिरवा-पांढरा-हिरवा झेंडा १९१८ मध्ये याच गावातल्या सभेत स्वीकारला गेला. चौकातल्या खानावळी पुलाजवळच्यांपेक्षा बऱ्या.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शाकाहारी असाल तर एक सांगतो. 'सिन कार्ने', मांस नको, एवढं पुरत नाही. अनेकांच्या लेखी हॅमचे तुकडे म्हणजे मांस नव्हे. 'सिन खामोन, सिन आतून' असं वेगळं सांगा: हॅम नको, टूना नको. साल्मोरेखो या थंड टोमॅटो सुपावर हॅम सर्रास पेरतात. पालक-छोले, मधातली तळलेली वांगी आणि बटाट्याचं जाड ऑम्लेट बहुतेक ठिकाणी मिळतं. जेवण दीड ते चारच्या दरम्यानच, पाचला गेलात तर स्वयंपाकघर बंद असतं.

सेतेनिल त्याच दिवशी करू नका. कड्याच्या छताखालची तिथली घरं पाहण्यासारखी आहेत खरी, पण बसने वेळा जुळत नाहीत, आणि गाडीने गेलात तरी दीड-दोन तास हमामखान्याच्या किंवा ला मिनाच्या वाट्याचे जातात. रोंदातच रात्र काढणं जमलं तर दुसऱ्या सकाळी सेतेनिल आणि आसिनिपो दोन्ही होतील.

परतीचं तिकीट सकाळी उतरल्या उतरल्या काढा, संध्याकाळच्या बसेस भरतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्यास्त आठच्या सुमारास होतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर साडेसहालाच अंधारू लागतं, त्या हिशेबाने बस निवडा. शेवटचा तास-सव्वा तास रिंगणाशेजारच्या आलामेदा बागेसाठी ठेवा. सपाट आहे, सावली आहे, आणि टोकाला कड्यावर बाहेर आलेले सज्जे आहेत. चारचौघांत शिव्या देणाऱ्यांकडून वसूल केलेल्या दंडातून १९व्या शतकाच्या सुरुवातीला ही बाग झाली, असं गावकरी सांगतात. आई-बाबांना तिथे बसवून तुम्ही पायवाटेने पूल पाहून या. तिथून बसस्थानक पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि रस्ता सपाट आहे.